सात वर्षं योगवर्ग घेतेय, आता पुढे काय?

रानजाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते.

मी सात वर्षं योग शिकवते. आठवड्याला अठरा वर्ग होतात. काही समूहाचे, काही एकेकट्याचे, दोन ऑनलाइन. कामाची ददात नाही. पण गेल्या महिन्यात अडीच वर्षं नेमाने येणाऱ्या एक बाई वर्ग सोडून गेल्या. भांडण नाही, तक्रार नाही. मीच फोन करून विचारलं, तर जरा अडखळत म्हणाल्या, "ताई, तुमचं पुढचं वाक्य मला आधीच पाठ असतं."

त्या दिवसापासून मी माझं बोलणं कान देऊन ऐकतेय. त्यांचं खरं आहे. ताडासनापासून शवासनापर्यंत माझी वाक्यं ठरलेली आहेत. समोर पंचविशीतला धावपटू असो की सत्तरीच्या आजी, मी तेच बोलते, त्याच क्रमाने. शुक्रवारपर्यंत घसा बसलेला असतो. आणि माझा स्वतःचा सराव? वर्गात करून दाखवते तेवढाच. गेल्या वर्षभरात फक्त स्वतःसाठी सतरंजी अंथरल्याचं मला आठवत नाही.

आधी २०० तासांचा शिक्षक अभ्यासक्रम केला, मग ३०० तासांचा. आता योगोपचाराचा एक मोठा अभ्यासक्रम समोर आलाय. त्यासाठी दोन महिने सगळे वर्ग बंद ठेवावे लागतील. ओळखीतले सगळे म्हणतात, कर, पुढे जाशील. माझा प्रश्न असा की योगशिक्षकाने 'पुढे जाणं' म्हणजे नेमकं काय? आणखी एक प्रमाणपत्र? अवघड आसनं? जास्त वर्ग? ज्यांनी माझ्यापेक्षा जास्त वर्षं शिकवलंय त्यांच्याकडून मनापासून ऐकायचंय. विद्यार्थ्यांनीही लिहा.

शेवंती

वाचतेय. माझे आता कुठे दोनच वर्षं झालेत, पण घशाचं आणि सरावाचं अगदी माझ्याच मनातलं लिहिलंत.

जुना पिंपळ

रानजाई, चांगला प्रश्न विचारलात. वीसेक वर्षं शिकवतोय, त्या भरवशावर लिहितो.

त्या बाईंनी तुमच्यावर उपकार केलेत. बहुतेक विद्यार्थी काही न बोलता येणं बंद करतात आणि आपण वेळेला, पावसाला नाहीतर परीक्षांना दोष देतो.

आधी प्रमाणपत्राबद्दल. २०० तासांची पायरी जगभर रूढ झाली ती अमेरिकेतल्या योगा अलायन्स या संस्थेमुळे, जी १९९९ मध्ये सुरू झाली. रोज आठ तास धरले तर २०० तास म्हणजे पंचवीस दिवस. तेवढ्यात आसनांची नावं, क्रम, थोडं शरीरशास्त्र, थोडं तत्त्वज्ञान होतं. पुरेसं आहे, सुरुवातीला. पण माणसाच्या शरीराकडे बघायची नजर पंचवीस दिवसांत बसत नाही. ती बसते पाचशेव्या विद्यार्थ्यानंतर, तीही तुम्ही बघत असाल तरच. अठरा वर्गांत तुम्ही बोलताय आणि करून दाखवताय. मग बघताय कधी?

एक करून बघा. वर्गातली दहा मिनिटं अशी ठेवा की सगळ्यांना माहीत असलेलीच आसनं घ्यायची, फक्त नाव सांगायचं आणि गप्प राहायचं. करून दाखवायचं नाही. बाजूने, मागून, हळू चालत बघायचं.

काय बघायचं त्याचं एक उदाहरण देतो. वृक्षासनात सगळ्यांचं लक्ष वर घेतलेल्या पायाकडे असतं. तुम्ही टेकलेल्या पायाची बोटं बघा. ती जमीन पकडून ठेवल्यासारखी आवळली असतील, नखं पांढरी झाली असतील, तर त्या माणसाला पडायची भीती वाटतेय. त्याला "पाय आणखी वर" सांगू नका. भिंतीजवळ न्या, दोन बोटं भिंतीला लावू द्या. मग पुन्हा पायाची बोटं बघा. ती सुटतात, पसरतात, आणि त्याच क्षणी गळ्याखालच्या खळगीत अडकलेला श्वास हलायला लागतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलंत की तुमचं पुढचं वाक्य कुणाला पाठ असणार नाही, कारण ते तुम्हालाही आधी ठाऊक नसेल.

संध्याकाळी वहीत तीनच ओळी लिहायच्या: कोण, काय दिसलं, उद्या काय करून बघायचं. माझ्याकडे अशा अकरा वह्या आहेत. मी जे काही शिकलो ते त्यांत आहे.

अबोली

जुना पिंपळ, वहीला आणि बघण्याला शंभर टक्के अनुमोदन. पण अभ्यासक्रमांबद्दल असहमत. नजर आपोआप येत नाही. काय बघायचं ते आधी माहीत असावं लागतं.

माझा अनुभव सांगते, कारण यातून कुणाचं तरी नुकसान टळावं असं मनापासून वाटतं. शिकवायला लागून तीन वर्षं झाली होती. पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय लांब करून बसून पुढे वाकताना, एक विद्यार्थिनी अर्ध्यावर थांबायची. मी मागून तिच्या पाठीवर हात ठेवून हलकेच दाबलं. मी ज्यांच्याकडे शिकले तिथे असंच करत. तिला टचकन काहीतरी जाणवलं, पण संकोचाने बोलली नाही. दोन दिवसांनी कळलं की तिला खुर्चीत बसताच येत नाहीये, बैठकीच्या हाडापाशी दुखतंय. मांडीच्या मागचा स्नायू जिथे त्या हाडाला चिकटतो तिथे इजा झाली होती. ती पूर्ण बरी व्हायला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत मी तिला दर आठवड्याला फोन करत होते.

त्यानंतर मी शरीररचनेचा नीट अभ्यास केला, वर्षभर. तेव्हा समजलं की त्या जागी ताण जाणवायला लागला की आणखी वाकवायचं नसतं, गुडघे थोडे वाकवून ओढ स्नायूच्या मध्यावर आणायची असते. पद्मासनाचंही तसंच. गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा चालतो, वळण हवं ते खुब्यातून. खुब्याची वाटी किती खोल आणि कोणत्या दिशेला आहे हे प्रत्येकाचं वेगळं असतं. काहींना पद्मासन जन्मात होणार नाही, आणि त्यात त्यांच्या सरावाची काहीही चूक नाही. मी मात्र तीन वर्षं अशा लोकांना सांगत होते, "सराव वाढवा, जमेल." गुडघ्यावर जोर देऊन त्यांनी तो जमवला असता तर?

तेव्हा रानजाई, अभ्यासक्रम जरूर करा. फक्त हा प्रश्न विचारून निवडा: यातून मला समोरच्याबद्दल काही जास्त कळणार आहे का?

आणि हात लावण्याबद्दल. मी आता वर्ग सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाला विचारते, आणि "नको" म्हणणं सोपं जावं म्हणून सतरंजीच्या कोपऱ्यावर एक छोटा कापडी तुकडा ठेवायला सांगते. तुकडा असेल तर हात लावायचा नाही. कारण विचारायचं नाही.

शेवंती

कापडी तुकड्याची कल्पना उद्यापासूनच. धन्यवाद अबोली.

तळहात

मी फिजिओथेरपिस्ट आहे. योगवर्गात दुखावलेली माणसं माझ्याकडे येतात, आणि योगवर्गामुळे बरी झालेली त्याहून जास्त येतात. म्हणून आस्थेने लिहितेय.

अबोलींनी सांगितलेली इजा मी नेहमी बघते. पुढे वाकण्याच्या हट्टातून होते, आणि बहुतेकदा शिक्षकालाच होते. रोज चार-पाच वेळा वर्गात करून दाखवता, शरीर तापलेलं नसताना. रानजाई, अठरा वर्गांत करून दाखवणं म्हणजे सराव नाही, ती झीज आहे.

नवीन माणूस आला की माहिती लिहून घ्या. तोंडी विचारलं तर लोक "काही नाही हो" म्हणतात. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, हाडांचा ठिसूळपणा, हर्निया, फिट येणं, अलीकडची शस्त्रक्रिया, गर्भारपण, चालू औषधं. प्रत्येकामागे कारण आहे. शीर्षासनात डोळ्यांतला दाब साधारण दुपटीने वाढतो, त्यामुळे काचबिंदू असलेल्याला ते नकोच, आणि डोकं खाली येतं त्या अधोमुखश्वानासनातही जपून. हाडं ठिसूळ असतील तर पाठीची कमान करून पुढे वाकल्याने मणका दबून मोडू शकतो. पाठ लांब ठेवून खुब्यातून वाकलं तर चालतं. रक्तदाबाची औषधं घेणारा माणूस झटकन उठला तर चक्कर येते, म्हणून शवासनातून उठवताना कुशीवर थांबवा, मग बसवा, मग उभं करा. कपालभाती आणि श्वास रोखणं उच्च रक्तदाब, हर्निया, फिट्स आणि गर्भारपण यांत नको. गर्भारपणात शेवटच्या काही महिन्यांत उताणं झोपवून ठेवू नका, गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येतो. डाव्या कुशीवरचं शवासन द्या. आणि त्या काळात सांधे संप्रेरकांमुळे सैल होतात, त्यामुळे "आज खूप छान वाकतंय" याचा आनंद मानून आणखी ताणू नका.

हे सगळं पाठ करण्यापेक्षा एक वाक्य म्हणायला शिका: "हे मला माहीत नाही, तुमच्या डॉक्टरांना विचारून सांगा." निदान करणं तुमचं काम नाही. हे वाक्य बोलणाऱ्या शिक्षकांकडे मी माझे रुग्ण डोळे मिटून पाठवते.

गोगलगाय

मी फक्त विद्यार्थी आहे, चालेल ना? विद्यार्थ्यांनीही लिहा म्हटलंय म्हणून.

माझ्या आधीच्या शिक्षिका आमच्याकडे तोंड करून "उजवा हात वर" म्हणायच्या आणि स्वतःचाही उजवाच वर करायच्या. निम्मा वर्ग उजवा, निम्मा डावा, आणि मधले दोघं दोन्ही हात वर करून! आताचे सर तोंडाने "उजवा" म्हणतात आणि स्वतः डावा उचलतात, आरशासारखा. किती सोपं झालं सगळं.

दुसरं म्हणजे त्यांना माझं नाव माहीत आहे. माझा डावा खांदा आखडलाय हेही. पाठीमागे हात गुंफायचं गोमुखासन आलं की न मागता पट्टा माझ्या सतरंजीशेजारी ठेवलेला असतो. चार वर्षांत मी एकदाही वर्ग चुकवला नाही त्याचं कारण तो पट्टा आहे.

जुना पिंपळ

गोगलगाय, तुमचा प्रतिसाद प्रत्येक शिक्षकाने कागदावर लिहून भिंतीला लावावा.

तळटीप

घशाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

मी आधी शाळेत शिकवत होतो, मग योगाकडे वळलो. आवाज बसतो तो जोरात बोलण्याने, त्याहून जास्त वाकून, उलटं होऊन, मान मुडपून बोलण्याने. पोट दाबलेलं असताना आवाज घशातून काढावा लागतो. करून दाखवायचं तर गप्प दाखवा, सांगायचं तर उभं राहून सांगा. दोन्ही एका वेळी नको. मोठ्या वर्गाला माइक घ्या, त्यात कमीपणा नाही. आणि दोन-तीन आठवडे आवाज घोगरा राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. स्वरतंतूंवर गाठी झालेल्या दोघांना मी ओळखतो, दोघंही योगशिक्षक.

बोलायचं कमी कसं करायचं? माझा क्रम असा: आधी शरीराचा भाग, मग दिशा, मग श्वास. "तळवे जमिनीवर. कोपरं मागे. श्वास सोडा." संपलं. 'आता आपण काय करणार आहोत तर आपल्याला आपले दोन्ही हात वर घ्यायचे आहेत' हे वाक्य पूर्ण होईपर्यंत लोकांचे हात वर जाऊन खालीही आलेले असतात.

"पाठ सरळ ठेवा" हे वाक्य तर मी सोडूनच दिलं. ते ऐकलं की लोक छाती पुढे काढतात आणि कमरेत खळगा पाडतात. त्याऐवजी "बैठकीची दोन्ही हाडं खाली रोवा, टाळू वर" म्हणून बघा. पाठ आपसूक लांब होते आणि पाठीचं नावही घ्यावं लागत नाही.

कोरा कागद

अवांतर: आसनांची संस्कृत नावं घ्यावीत की मराठीत सांगावं? माझ्या वर्गातली तरुण मंडळी "उत्थित पार्श्वकोनासन" ऐकलं की बावरतात.

तळटीप

दोन्ही. आधी नाव, मग लगेच कृती. नावात अर्थ भरलेला असतो. उत्थित म्हणजे उठलेलं, ताणलेलं. पार्श्व म्हणजे बाजू. कोन म्हणजे कोन. एकदा फोड करून सांगितली की पुढच्या वीस आसनांची नावं त्यांची त्यांना उलगडतात. मला हा शिकवण्यातला सगळ्यात आनंदाचा भाग वाटतो.

पहाटवारा

चर्चा छान चाललीय, पण सगळे एका गोष्टीला बगल देताय. पैसा. रानजाई अठरा वर्ग का घेतात? कारण प्रत्येक वर्गाचं मानधन कमी असणार. "वर्ग कमी करा, सराव करा" हा सल्ला बरोबर आहे, पण घर कसं चालवायचं?

मी हिशोबनीस होते, आता पूर्णवेळ शिकवते, म्हणून स्पष्ट लिहिते. एका वर्गाचा वेळ एक तास धरू नका. जाणं-येणं, तयारी, नंतर थांबून प्रश्न विचारणारे दोघं, संध्याकाळचे निरोप, हे सगळं मोजा. एका तासाचे दोन-अडीच तास होतात. मी असा महिनाभराचा हिशोब मांडला तेव्हा दिसलं की माझे तीन वर्ग पदरमोड करून चालले होते. ते बंद केले. दुसऱ्या एका ठिकाणी मानधन वाढवून मागितलं, मिळालं. सात वर्षांत कधी मागितलंच नव्हतं!

शुल्क महिन्याच्या सुरुवातीला घ्या. रद्द करण्याचा नियम लिहून द्या, आणि पहिल्या दिवसापासून पाळा. एकेकट्याच्या शिकवणीत "आज नको ताई" हा निरोप अर्धा तास आधी येतो आणि आपण "हरकत नाही" म्हणतो. हरकत आहे. तुमच्या आजारपणात वर्ग घेईल असा एखादा शिक्षक आधीपासून ठरवून ठेवा. आणि व्यवसायाचा विमा काढा. अबोलींसारखा प्रसंग कुणावरही येऊ शकतो.

उंबरठा

पहाटवारा, थोडं खटकलं. योग ही विद्या आहे. तिचा असा ताळेबंद मांडणं मला पटत नाही. पूर्वी गुरू काही घेत नसत.

पहाटवारा

उंबरठा, तुमची भावना समजते. मीही तीन वर्षं याच विचाराने विनामूल्य शिकवलं, आणि शेवटी इतकी थकले की शिकवणंच बंद पडायची वेळ आली.

पूर्वी गुरूंचा खर्च कुणीतरी उचलत होतंच. योगगुरू कृष्णमाचार्यांच्या योगशाळेला म्हैसूरच्या महाराजांचा आश्रय होता. त्यांचे शिष्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात शिकवायला आले तेव्हा अगदी तरुण होते, आणि सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी किती हलाखी सोसली हे त्यांनीच सांगून ठेवलंय. त्यांच्याच हातून पुढे पट्टे, दोर, ठोकळे, घड्या घातलेली कांबळी अशी साधनं योगवर्गात रुळली, ज्यामुळे आज आजारी आणि म्हातारी माणसंही आसनं करू शकतात. शिक्षक टिकला म्हणून ते काम झालं. शिक्षक टिकला तरच विद्या टिकेल असं मला मनापासून वाटतं. ज्यांना खरंच परवडत नाही त्यांच्यासाठी माझ्या प्रत्येक वर्गात दोन जागा राखीव आहेत. त्या मला ठेवता येतात, कारण बाकीचा हिशोब जुळतो.

उंबरठा

राखीव जागांचं वाचून बरं वाटलं. विचार करतो.

रानजाई

इतके मनापासून प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळे दोन-दोनदा वाचले.

पहाटवारा, तुम्ही म्हणालात तसा हिशोब मांडला. दोन ठिकाणं स्पष्टच तोट्यात आहेत. एक तर लांब आहे, जायला-यायलाच वर्गाइतका वेळ जातो.

अबोली, तुमचा अनुभव वाचून अंगावर काटा आला. मीही पाठीवर हात ठेवते. आजवर काही झालं नाही हे माझं नशीब.

पण मूळ प्रश्न अजून तसाच आहे. योगोपचाराचा अभ्यासक्रम करू की नको?

कोरा कागद

करा ना! नवीन शिकण्यात तोटा कसला.

जुना पिंपळ

आत्ता नको, असं माझं मत. आधी अठराचे बारा करा.

अबोली

मी म्हणेन करा, पण शिकवणारे कोण आहेत आणि प्रत्यक्ष रुग्णांसोबत किती तास आहेत ते बघून. नुसती व्याख्यानं असतील तर घरी वाचता येईल.

आणि जुना पिंपळ, एक सांगू? अभ्यास विरुद्ध अनुभव असं मांडलं जातं ते मला कधीच पटलं नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं, त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढलं. उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रिया करताना पोटात काय होतं हे त्यांनी क्ष-किरणांनी पाहिलं, आतला दाब मोजला. स्वतः साधक, आणि तरी मोजून बघायची ओढ. शंभर वर्षांपूर्वी! बघणं म्हणजे हेसुद्धा.

जुना पिंपळ

अबोली, मान्य. माझ्या लिहिण्यात अभ्यासाला कमी लेखल्यासारखं झालं असेल तर ते चुकलं. म्हणायचं होतं इतकंच की थकलेल्या शिक्षकाने शिकलेलं मुरत नाही. योगसूत्रांत अभ्यास, म्हणजे सराव, दृढ होण्यासाठी तीन गोष्टी सांगितल्यात: दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने. रानजाईंकडे पहिली आहे. बाकीच्या दोन अठरा वर्गांत चिरडल्या गेल्यात.

रानजाई, स्वतःचा सराव पुन्हा कसा सुरू करायचा तेही सांगतो. तासभराचा बेत आखू नका. वीस मिनिटं, आणि त्यात वर्गात शिकवता ते काहीही नको. डोक्यात "हे उद्या वर्गात घेईन" आलं की थांबा, दोन श्वास घ्या, मग पुढे. मला हे सुटायला वर्ष लागलं. सरावात शिक्षक शिरला की साधक बाहेर जातो.

तळहात

आणखी एक पर्याय सुचवते, अभ्यासक्रमाच्या आधीचा. एखाद्या अनुभवी शिक्षकाच्या वर्गात मदतनीस म्हणून जा, आठवड्यातून एकदा, तीन महिने. शिकवायचं नाही. कांबळी घड्या घालून द्यायची, भिंतीजवळ लोकांना लावायचं, आणि त्या शिक्षकाची नजर कुठे जाते तिकडे बघायचं. आम्ही रुग्णालयात असंच शिकलो. पुस्तकात न मिळणारं खूप काही ज्येष्ठांच्या मागे उभं राहून मिळालं.

शेवंती

तळहात, हे मला पण करायचंय. ऑनलाइन वर्ग घेणाऱ्यांनी नजरेचं काय करावं? पडद्यावर सगळे टिचभर दिसतात.

तळटीप

शेवंती, विद्यार्थ्यांना कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणि बाजूला ठेवायला सांगा, समोर नको. बाजूने पाठीचा कणा दिसतो. आठ-दहांपेक्षा जास्त माणसं घेऊ नका. आणि तुम्ही स्वतः करून दाखवत बसलात तर पडदा बघणार कोण? आसन एकदा दाखवा, मग पडद्याजवळ येऊन बसा. शीर्षासन, सर्वांगासन ऑनलाइन नव्यांना शिकवूच नका, मान सावरायला तिथे तुमचा हात नसतो.

रानजाई

पाच आठवड्यांनी परत आलेय. काय झालं ते सांगायला हवं.

दोन तोट्याचे वर्ग सोडले, तीन एका सहकारी मैत्रिणीला दिले. आता तेरा आहेत. एका ठिकाणी मानधन वाढवून मागितलं. त्यांनी लगेच हो म्हटलं नाही, विचार करतो म्हणाले. मी वाट बघतेय, पण मागताना आवाज कापला नाही.

अभ्यासक्रमाला यावर्षी नाव घातलं नाही. तळहात यांनी सुचवलं तसं एका ज्येष्ठ शिक्षिकांना विचारलं. त्या हो म्हणाल्या. दर गुरुवारी त्यांच्या नवशिक्यांच्या वर्गात मी कांबळी घड्या घालते. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी घडी उलगडून परत घातली. घडीची बंद कड सर्वांगासनात खांद्यांच्या बाजूला यायला हवी, मोकळ्या कडा असल्या तर कांबळं घसरतं आणि मान तिरकी होते. सात वर्षं मी हे कुणाच्या लक्षात आणून दिलं नव्हतं, कारण मलाच कुणी दिलं नव्हतं.

गप्प राहायची दहा मिनिटं मला फार जड गेली. पहिल्या दिवशी तीन मिनिटांत तोंड उघडलं. तिसऱ्या दिवशी पूर्ण दहा झाली. वीरभद्रासनात मागच्या रांगेतल्या एका काकांकडे बघत होते. नेहमी मी त्यांना "गुडघा आणखी वाकवा" सांगत आले. त्या दिवशी दिसलं की त्यांच्या मागच्या पायाची बाहेरची कड जमिनीवरून उचललेली आहे, कागद सरकवता येईल इतकी. काही बोलले नाही. त्यांची टाच भिंतीला टेकेल अशी सतरंजी मागे घ्यायला खुणेने सांगितलं. टाचेला आधार मिळाला तशी कड खाली बसली आणि पुढचा गुडघा आपोआप वाकला, मी दोन वर्षं सांगत होते तेवढा. काकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. वहीतली पहिली ओळ त्यांची आहे.

सकाळची वीस मिनिटंही सुरू आहेत. मध्ये चार दिवस चुकली, पुन्हा धरली.

अबोली

भिंत, टाच आणि कागद! वाचून फार आनंद झाला रानजाई. अभ्यासक्रमाचं पुढच्या वर्षी बोलू.

गोगलगाय

त्या सोडून गेलेल्या बाईंना परत विचारलंत का?

रानजाई

गोगलगाय, अजून नाही. फोन हातात घेतला होता, मग ठरवलं की वही भरू दे थोडी. त्यांच्याबद्दल अडीच वर्षांत मी काय पाहिलं ते लिहायला बसले, तर एकच गोष्ट आठवली. शवासनात त्या कायम डावा हात पोटावर ठेवायच्या. का, ते मी कधी विचारलं नाही.

जुना पिंपळ

तेच विचारायला फोन करा.